न बघता लिहिलेली खिडकी

आमच्या साहेबांना पहिल्यांदा भेटायला येणारा माणूस हमखास फसतो. दिवाणी दाव्यांचे एवढे नावाजलेले वकील म्हणजे कोणीतरी भारदस्त, दणदणीत आवाजाचे गृहस्थ असणार असं मनात धरून तो येतो. बघतो तर टेबलामागे एक किडकिडीत माणूस, बोटांना डिंक लागलेला, कात्रीने पुठ्ठा कापत बसलेला. मग तो माझ्याकडे वळून हळूच विचारतो, "वकीलसाहेब कधी येतील?" मी म्हणते, "आलेत की. ते काय, जिना चिकटवतायत."

मी त्यांची टायपिस्ट. सव्वीस वर्षं झाली. टाइपरायटर होता तेव्हापासून मी या खुर्चीवर आहे. आता कॉम्प्युटर आला, पण बोटं तीच आणि जीभही तीच. ती जरा तिखट आहे, हे मला कोणी सांगायला नको. पक्षकार मला मागून 'हायकोर्ट' म्हणतात. साहेबांनी दिलेल्या तारखेवर अपील करायचं तर माझ्याकडे यावं लागतं, म्हणून.

साहेबांची सगळी वकिली भिंतींची. भिंती, बोळ, सामाईक जिने, गटारं, भावाभावांच्या वाटण्या. खून नाही, दरोडा नाही. माझी बहीण म्हणते, तुमच्याकडे सगळी मिळमिळीत भांडणं. मिळमिळीत कसली, दीड फूट जागेपायी सख्खे भाऊ तीस तीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते मी रोज टाइप करते.

या कामात साहेबांचा एकच नियम. जागा बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही. पक्षकार कागदांचं गाठोडं घेऊन येतो, नकाशा पसरतो, दस्त पसरतो. साहेब ते बाजूला सारतात, कपाटाखालून जुने बूट काढतात, मोजायची टेप खिशात टाकतात आणि म्हणतात, "चला, दाखवा." मग पाऊस असो, ऊन असो, गटारावरून उडी मारायची असो. साठी उलटल्यावर एकदा शिडीवरून पडले, पायाला प्लास्टर घातलं, आणि पुढची जागा बघायला कुबडी घेऊन गेले. "कागद खोटं बोलत नाही बाई," मला म्हणायचे, "पण अर्धंच बोलतो." जे वकील जागेवर जात नाहीत त्यांचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी म्हणायची, जाऊ द्या हो, उंटावरून शेळ्या हाकणारे ते, तुम्हाला काय त्यांचं? ते खाली बघून पुठ्ठा कापायला घ्यायचे.

जागेवरून आले की मॉडेल. जुन्या फायलींचे पुठ्ठे, काड्यापेटीच्या काड्या, डिंक. एका फुटाला अर्धा इंच. भिंतीचा पोपडा निघाला असेल तर तोही रंगवायचे. मॉडेलच्या तळाला शाईने तारीख आणि मापं. हा त्यांचा छंदही आणि कामही. दुसरा छंद पोहायचा, म्हणजे पाण्यात उताणं पडून राहायचं आणि तिथे उलटतपासणीचे प्रश्न जुळवायचे. कात्री चालवताना एका जुन्या गाण्याच्या दोन ओळी गुणगुणायचे, दोन्ही बेसूर. वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, वैतागून म्हणायच्या, "या घरात जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नाही, लोकांची भांडणं मात्र पसरलेली." मग ती भांडणं एकेक करून ऑफिसच्या कपाटात आली. मोजली तेव्हा चौसष्ट भरली.

एक मॉडेल मात्र त्या कपाटात नाही. ते माझ्याकडे आहे, माझ्या घरी, फळीवर.

मी या ऑफिसात पहिल्यांदा आले ती पक्षकार म्हणून. नवरा गेला तेव्हा सव्विसाव्या वर्षात होते. आमची एक खोली होती, माझ्या नवऱ्याच्या नावची. दिराने तिला कुलूप ठोकलं. मी साहेबांकडे गेले, त्यांनी दावा लावला, आणि आम्ही हरलो. कसे हरलो ते मला तेव्हा कळलं नाही. निकालातली भाषा मला समजायची नाही, आणि मी इतकी रडत होते की समजून घ्यायचं भानही नव्हतं. अपिलाचं विचारलं तर साहेब म्हणाले, दम नाही. महिन्याभराने ते स्वतः माझ्या बहिणीच्या घरी आले, हातात पुठ्ठ्याची एक खोली. माझीच खोली. कोनाडा, खुंट्या, कोपऱ्यातली मोरी, सगळं होतं. फक्त एक जास्तीचं. पूर्वेच्या भिंतीला बरोबर मधोमध खिडकी. दोन्ही दारं उघडी, आणि पुढे हिरव्या दोऱ्याचं एवढंसं रोपटं.

"साहेब, खिडकी नव्हती हो आमच्या खोलीला," मी म्हणाले.

"असू द्या," ते म्हणाले. मग विचारलं, टायपिंग शिकाल का?

पुढे ऑफिसातल्या सगळ्या फायली मीच लावल्या, पण माझी फाइल कुठे दिसली नाही. मीही नेटाने शोधली नाही. हरलेल्या दाव्याची फाइल उघडून काय सापडणार, आपलंच रडगाणं. त्यापेक्षा ती पुठ्ठ्याची खोली बरी. बहिणीकडून भाड्याच्या घरात गेले तेव्हा ती मांडीवर घेऊन गेले. माझ्यासाठी कोणीतरी पदरची खिडकी घातली, या गोष्टीवर मी कितीतरी वाईट दिवस काढले.

एवढं आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

दोन वर्षांपूर्वी रफूवाली आली. साठीच्या पुढची बाई, बोलणं कमी, बोटं अशी की फाटलेल्या कपड्याला ती कुठून शिवली ते तुम्ही शोधत बसाल. हातात कोणाचा तरी लोकरी कोट होता, तोही रांगेत बसल्या बसल्या रफू करत होती. तिच्या खोलीला मागच्या बोळाकडे एक खिडकी. सगळं काम त्या खिडकीतल्या उजेडावर. दिव्याखाली रंगाचा धागा रंगाला लागत नाही, ती म्हणाली, काळा नि गडद निळा एकच दिसतो. आता बोळापलीकडच्या फर्निचरवाल्याला गोदामाची भिंत चढवायची होती, खिडकीच्या नाकासमोर, दोन हातांवर.

कायदा असा, की वीस वर्षं अखंड उजेड येत असेल तर तो कोणाला अडवता येत नाही. फर्निचरवाल्याने सरळ सांगितलं, ही खिडकी आठ वर्षांपूर्वी फोडलेली आहे. आणि रफूवालीजवळ पुरावा काय? काही नाही. नवरा वारलेला, जुने शेजारी पांगलेले, इमारतीचा नकाशा सरकारी कचेरीत सापडेना. फोटो कोण काढतं खिडकीचा? साहेबांनी भिंतीवर तात्पुरती मनाई मिळवली, पण दावा हातातून जाणार हे मला टाइप करतानाच कळत होतं. रफूवालीला मी एकदा विचारलं, खिडकी बंद झाली तर काय कराल? ती म्हणाली, "काय करणार, काम बंद. मला दुसरं काही येत नाही."

साहेबांनी ठरवलं होतं, हा शेवटचा दावा. तो संपला की कोट खुंटीला. म्हणून मी कपाटं आवरायला काढली, आणि तिसऱ्या खणात मागे मला एक लांबलचक मॉडेल सापडलं. एक बोळ. दोन घरांचं गटारावरून भांडण झालं होतं त्या वेळचं. बोळाच्या एका कडेला ती दोन घरं, आणि दुसऱ्या कडेला, साहेबांच्या सवयीप्रमाणे, समोरच्या घरांच्या मागच्या भिंती. त्यातल्या एका भिंतीत एक खिडकी, मधोमध नाही, डावीकडे सरकलेली, जराशी तिरकी. तळाची तारीख वाचली आणि मी तिथेच स्टुलावर बसले. तेवीस वर्षांपूर्वीची. रफूवालीच्या खिडकीचं हेच वर्णन मी टाइप केलं होतं, भिंत तिचीच होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मला वाटलं साहेब उडी मारतील. त्यांनी मॉडेल हातात घेतलं, उलटं केलं, तारीख वाचली, आणि कितीतरी वेळ खिडकीतून बोट आरपार घालून बसले. मग म्हणाले, "बाई, हे कोर्टात दाखवायचं तर मला साक्षीदार व्हावं लागेल. आणि जो साक्षीदार, तो त्या दाव्यात वकील राहू शकत नाही."

"मग व्हा साक्षीदार. भाचीला द्या वकीलपत्र." त्यांची भाची तीन वर्षं आमच्याच ऑफिसात काम करत होती, हुशार पोरगी.

"समोर कोण आहे माहितीये ना?"

माहीत होतं. फर्निचरवाल्याचे वकील म्हणजे आमचे धाकटे वकील. आम्ही अजून तसंच म्हणतो त्यांना. नऊ वर्षं साहेबांच्या हाताखाली शिकले, मग स्वतःचं ऑफिस थाटलं. साहेबांनी त्यांना दोनच धडे घोकून घोकून दिले होते. पहिला, जागा बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही. दुसरा, उलटतपासणीत 'का' विचारायचं नाही. हो की नाही, किती, कधी, एवढंच विचारा. 'का' विचारलंत की साक्षीदाराच्या हातात माइक दिलात.

"येऊ देत की त्यांना," मी म्हणाले. "तुम्ही खरं सांगणार. खऱ्याला काय भीती?" साहेब माझ्याकडे बघत राहिले. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं.

साक्षीच्या दिवशी साहेबांनी कोट घातला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना कोर्टात बिनकोटाचं पाहिलं नव्हतं. पांढऱ्या शर्टात पिंजऱ्यात उभे राहिले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मी मागच्या बाकावर, शेजारी रफूवाली, मांडीवर घडी केलेली शाल. न्यायाधीश बाई नव्या, कमी बोलणाऱ्या. भाचीने नीट विचारलं. मॉडेल कोणी केलं, कधी केलं, माप काय. खिडकीचं आजचं माप आणि मॉडेलमधलं माप तंतोतंत जुळत होतं. रफूवालीने माझा हात धरला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

धाकटे वकील उठले. आवाज मऊ, अगदी साहेबांसारखा. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती अशी.

"हे मॉडेल तेवीस वर्षं तुमच्याच कपाटात होतं?"

"हो."

"कपाटाला कुलूप?"

"नाही."

"पुठ्ठ्यात खिडकी कापायला किती वेळ लागतो?"

"चांगली कापायची तर दहा मिनिटं."

दोघंतिघं हसले. धाकटे वकील हसले नाहीत. "ती दहा मिनिटं तेवीस वर्षांपूर्वीची की गेल्या महिन्यातली, हे पुठ्ठ्यावरून सांगता येईल?"

"नाही. पुठ्ठ्यावरून नाही येणार."

"म्हणजे सगळं तुमच्या शब्दावर?"

"हो, माझ्या शब्दावर."

"मग मला सांगा," धाकट्या वकिलांनी कागद खाली ठेवला, "जागेवर नसलेली खिडकी तुम्ही कधी मॉडेलमध्ये दाखवली आहे?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. कारण ही गोष्ट त्यांना सांगितली होती मी. मीच. काही वर्षांपूर्वी मी आजारी होते, ते सफरचंदं घेऊन घरी आले, फळीवरची खोली हातात घेऊन बघायला लागले, आणि मी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "ती खिडकी बरं का, साहेबांनी पदरची घातलीय." जीभ आहे की काय आहे ही माझी.

साहेबांनी सगळ्या कोर्टात नजर फिरवून मला शोधलं. 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. रोज शंभर साक्षीदार म्हणतात, आणि त्यांना आठवतही असतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, म्हणा, आठवत नाही म्हणा.

"हो," साहेब म्हणाले. "एकदा."

रफूवालीने माझा हात सोडला. शालीच्या घडीवरून उगाच बोटं फिरवायला लागली. भाची खाली मान घालून बसली. सगळं संपलं होतं. धाकट्या वकिलांनी तिथे बसायला हवं होतं. पण त्यांना इतकं सोपं उत्तर अपेक्षित नव्हतं, की काय कोण जाणे. चेहऱ्यावर वकील नव्हताच त्या क्षणी, नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला शिष्य होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"का?"

साहेबांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"सत्तावीस वर्षांपूर्वी एका बाईंचा दावा माझ्याकडे होता," ते म्हणाले. "एका खोलीचा. खोलीचं वर्णन मी जुन्या नकाशावरून लिहिलं. नकाशात पूर्वेला खिडकी होती. मी जागेवर गेलो नाही. त्या दिवशी ऊन फार होतं आणि मला कंटाळा आला. याहून मोठं कारण नाही. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता सही केली. प्रत्यक्षात खोलीला खिडकी नव्हती. समोरच्यांनी तेवढंच धरलं, की दाव्यात लिहिलेली खोली ही नव्हेच. त्यावर दावा पडला. बाईंची बाजू खरी होती. त्यांची खोली माझ्या एका ओळीने गेली."

लेखनिक तेवढा लिहीत होता.

"अपील करता आलं असतं. पण मग चूक माझी आहे हे मलाच उभं राहून सांगावं लागलं असतं. मी बाईंना सांगितलं, अपिलात दम नाही. मग घरी बसून त्या खोलीचं मॉडेल केलं, माझ्या ओळीप्रमाणे, खिडकीसकट. ते पहिलं. त्याच्यानंतर मी जागेवर न बघितलेली गोष्ट पुठ्ठ्यात कापलेली नाही आणि कागदावर लिहिलेली नाही. तो माझा छंद आहे असं लोकांना वाटतं. वाटू दिलं."

न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "त्या बाईंना हे ठाऊक आहे?"

"आत्तापर्यंत नव्हतं," साहेब म्हणाले. "त्या मागे बसल्या आहेत."

सगळी डोकी वळली. मी उठले, पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

खोटं कशाला सांगू, मला रफूवालीची खिडकी त्या क्षणी आठवलीसुद्धा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. सव्वीस वर्षं मी या माणसाचं जेवणाचं भान ठेवलं, याच्या तारखा सांभाळल्या, कोणी याच्याबद्दल वाकडं बोललं की त्याला फाडून खाल्लं. बहिणीच्या घरी सात वर्षं पडवीत झोपले तेव्हा मला वाटायचं, आपलं नशीबच फुटकं. नशीब कसलं? ऊन फार होतं म्हणे!

चार दिवस ऑफिसला गेले नाही. फोन उचलला नाही. फळीवरची खोली खाली काढली, ब्लेड घेतलं, पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला आणि ठरवलं, ती खिडकी बुजवून टाकायची. डिंक लावला, तुकडा हातात धरला आणि बसून राहिले. हातातच वाळला तो डिंक.

पाचव्या दिवशी दुपारी दार वाजलं. साहेब होते. पायात जागा बघायला जायचे बूट, हातात एक फाइल. कडा कुरतडलेली, वर माझं नाव.

"घरच्या खणात होती," ते म्हणाले. "तुमची आहे."

मी आत या म्हणाले नाही. पण दारातून बाजूला झाले, तेव्हा ते आले आणि खुर्चीच्या टोकाशी बसले. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. एकच विचारलं, गेले चार दिवस तेवढंच डोक्यात होतं.

"नोकरी त्याची भरपाई म्हणून दिलीत?"

साहेबांनी लगेच उत्तर दिलं नाही. खोटं बोलायचं असतं तर लगेच दिलं असतं, एवढं मी त्यांना ओळखते.

"पहिलं वर्ष, हो," ते म्हणाले. "तुमचं टायपिंग भयंकर होतं. एका पानात तीस चुका. दुसरा कोणी असता तर मी आठवड्यात घरी पाठवला असता. पुढची पंचवीस वर्षं मात्र तुम्ही आहात म्हणून ऑफिस चाललं. ती भरपाई नाही. ती तुमची."

मला रडू आलं. रागानेच आलं, पण आलं.

"सांगायचं होतंत," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत. मी शिव्या दिल्या असत्या, दोन वर्षं बोलले नसते. पण सांगायचं होतं."

"रोज सांगणार होतो."

"सव्वीस वर्षं?"

"हो," ते म्हणाले. "रोज तुम्ही आधी चहा ठेवायचात समोर. मग राहून जायचं."

मी माझी खोली त्यांच्या पुढ्यात ठेवली, उलटी करून. बाकी चौसष्टांच्या तळाला तारीख आहे, मापं आहेत. याच्या तळाला काहीच नाही, कोरा पुठ्ठा. मी पेन दिलं.

"लिहा," मी म्हणाले. "जे खरं ते लिहा."

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं. 'या खोलीला खिडकी नव्हती. मी न बघता लिहिली.' खाली सही, तारीख. त्यांचं अक्षर एरवी सरळ असतं, हे जरा तिरकं आलं. मी ते दोनदा वाचलं आणि चहा ठेवला.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. भाची कोर्टातून प्रत घेऊन धावत आली. साहेबांनी हात लावला नाही, म्हणाले, बाई वाचतील. रफूवाली माझ्या टेबलासमोर बसली होती. न्यायाधीश बाईंनी लिहिलं होतं, की जो साक्षीदार शपथेवर, कोणी भाग पाडलेलं नसताना, जिचं नुकसान केलं तिच्याच समोर स्वतःची चूक उघडी करतो, तो खिडकीबद्दल जे सांगतो ते न मानायला मला कारण दिसत नाही. खिडकी वीस वर्षांहून जुनी आहे. भिंत बांधता येणार नाही.

मी सगळं मोठ्याने वाचलं. रफूवालीला त्यातलं निम्मं कळलं असेल. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे उजेड राहणार ना?"

"राहणार," मी म्हणाले.

ती उठली, साहेबांच्या खुर्चीकडे गेली, आणि खुंटीवरचा काळा कोट काढून घेतला. उजवी बाही कोपरापाशी विरली होती, टेबलावर घासून घासून. साहेब म्हणाले, "राहू द्या, मला आता घालायचा नाही तो." तिने ऐकलं नाही. घडी करून पिशवीत टाकला आणि गेली.

मॉडेल मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणलं. कपाटात पहिल्या खणात, सगळ्यांच्या आधी ठेवलं. आता पासष्ट भरतात. साहेब रोज येतात अजून, काम नसलं तरी. भाचीकडे नवीन पक्षकार आला की त्याच्या गाठोड्याकडे बघत ते खाकरतात. ती बूट घालायला उठते. परवा एक बाई आल्या, तरुण, डोळे सुजलेले, खोलीचंच काहीतरी. भाचीने दाव्याचा मसुदा त्यांच्यापुढे सहीला ठेवला आणि त्यांनी न वाचताच पेन उचललं.

मी माझ्या खुर्चीवरून उठले आणि त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आधी वाचा," मी म्हणाले. "कळत नसेल तर मी वाचून दाखवते. एकेक ओळ."

साहेब कात्री खाली ठेवून ऐकत होते. मी पहिली ओळ वाचली, मग दुसरी. वाचून संपेस्तोवर दुपार झाली.